हरणाला म्हातारं होऊ देणारा मुलूख

नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. पाच लाखांहून जास्त माणसं भडक नारिंगी जाकिटं घालून पहाटेच्या अंधारात झाडांवरच्या मचाणांत जाऊन बसतात, आणि उजाडता उजाडता टेकड्यांच्या पलीकडून पहिले बार ऐकू येतात. मी इथल्या डेन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पश्चिम टोकाला राहते. स्वतः कधी बंदूक हातात धरली नाही, धरणारही नाही. पण इथे चौदा वर्षं काढल्यावर नोव्हेंबर आला की माझेही कान त्या आवाजाकडे लागतात.

आमच्या शेजारी दुधाचा धंदा केलेले, सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आहेत. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारते. माझा मुलगा मात्र घरात त्यांना ‘बार्नवाले आजोबा’ म्हणतो. त्यांच्या बार्नची, म्हणजे गोठा-कोठाराची, एक अख्खी भिंत शिंगांनी भरलेली आहे. डावीकडून उजवीकडे, सालवार. डाव्या टोकाला १९७०च्या दशकातली शिंगं: बोटाएवढी जाड, दोन-तीन फाटे, काहींना तर नुसतीच सुळ्यासारखी दोन टोकं. उजवीकडे जावं तसं शिंग भरत जातं. शेवटची चार-पाच तर माझ्या मनगटाएवढ्या जाडीची. जमीन तीच, टेकडी तीच, मकाही त्याच शेतातला. बदललं काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी फळीवरच्या डब्यातून खालच्या जबड्याचं एक हाड काढून माझ्या हातात दिलं. हरणाची तिसरी दाढ दुधाची असते तेव्हा तिच्यावर तीन उंचवटे असतात. दीडेक वर्षाचं झालं की ती पडते आणि कायमची येते तिला दोनच. त्यांनी दाढेवर अंगठा ठेवला. “तीन. पोरगंच होतं. आमच्या तरुणपणी आम्ही पोरंच मारायचो.”

हंगामाच्या संध्याकाळी या भिंतीसमोर माणसं जमतात आणि दरवर्षी तोच वाद रंगतो. व्हाइटटेलचा, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा, सगळ्यात मोठा नर कुठे निपजतो? कुणी आपल्याच राज्यातल्या बफेलो काउंटीचं नाव घेतो, कुणी आयोवाचं, कुणी इलिनॉयच्या पाइक काउंटीचं. कॅनडात जाऊन आलेला एखादा सस्कॅचवनच्या थंडीच्या गोष्टी सांगतो. टेक्सासचं नाव निघालं की आवाज चढतात. मी हा वाद पुष्कळदा ऐकलाय आणि माझं मत आता पक्कं झालंय. कुठली माती मोठं शिंग देते हा अर्धाच प्रश्न आहे. माती देते ती फक्त शक्यता. ती शक्यता पुरी व्हायला नराला पाच-सहा वर्षं जगावं लागतं, आणि तो इतका जगतो की नाही हे माणसं ठरवतात: कायद्याने, कॅलेंडरने, नाहीतर कुंपणाने. मुलखांची तुलना करायचीच असेल तर या तिघांपैकी कशाने ते साधलं, यावरून करावी.

शिकारीबद्दल इतक्या आस्थेने का लिहितेस, असं पुण्याच्या मैत्रिणी विचारतात. आपल्याकडे भिंतीवरचं शिंग म्हटलं की संस्थानिकाचा वाडा नाहीतर साहेबाचा बंगला डोळ्यांसमोर येतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते दार बंद केलं आणि आपल्या जंगलांची तेव्हाची दशा पाहता ते बरोबरच झालं. अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९००च्या सुमारास इथे व्हाइटटेल जवळजवळ संपलं होतं. अख्ख्या देशात फार तर पाच लाख उरली असावीत. बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी होणारी शिकार कायद्याने थांबली. १९३७ सालापासून बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राखला गेला. परवान्यांचे पैसे त्यात पडले. आज हीच हरणं तीन कोटींच्या आसपास आहेत. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक तत्त्व आहे, ज्याच्याबद्दल मला खरंखुरं प्रेम वाटतं: हरीण जमीनमालकाचं नसतं. ते ज्याच्या रानात चरतं त्याचंही नसतं. ते सगळ्या जनतेचं असतं आणि सरकार फक्त त्याचं विश्वस्त असतं. राजाची शिकार मोडून काढून या देशाने ती शिकार गवळ्याच्या आणि सुताराच्या हातात दिली. मोठ्या शिंगाचा प्रश्न या तत्त्वाशी जाऊन भिडतो, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

आधी माप कसं घेतात ते सांगायला हवं, कारण वादातली निम्मी गफलत तिथेच होते. थिओडोर रूझवेल्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर १८८७ साली काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब या नोंदी ठेवतो. आजची मापनपद्धत १९५० पासूनची. शिंगं साठ दिवस वाळू द्यायची, मग इंचाच्या आठव्या भागापर्यंत पट्टी लावायची. दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची उंची, ठरलेल्या जागी घेर आणि दोन दांड्यांमधलं अंतर यांची बेरीज. डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल तर तो वजा. सुबक, सारख्या शिंगांच्या वर्गात कायमच्या यादीत जायला १७० इंच लागतात. वेडेवाकडे फाटे फुटलेल्यांच्या वर्गात १९५. हरणाने जिवापाड वाढवलेला फाटा केवळ दुसऱ्या बाजूला जोडीदार नाही म्हणून मापातून वजा करायचा, हे मला कधी पटलेलं नाही. पण नियम सगळ्यांना सारखा आहे, एवढं खरं.

आता या यादीचा नकाशा बघा. सुबक शिंगांच्या वर्गातला जागतिक विक्रम सस्कॅचवनमधल्या बिगर गावाजवळचा, नोव्हेंबर १९९३चा: २१३ पूर्णांक ५/८ इंच. त्याच्या आधी तो मान विस्कॉन्सिनमधल्या डॅनबरीजवळ १९१४ साली पडलेल्या नराकडे होता. वेड्यावाकड्या शिंगांचे पहिले दोन नर मात्र शिकाऱ्याने मारलेलेच नाहीत. पहिला ३३३ पूर्णांक ७/८ इंचांचा. तो १९८१ साली मिसूरीतल्या सेंट लुइस काउंटीत, म्हणजे एका महानगराच्या उपनगरी पट्ट्यात, मेलेला सापडला. दुसरा ओहायोत १९४०च्या सुमारास रेल्वेरुळाशेजारी, दारूगोळ्याच्या लष्करी कारखान्याच्या कुंपणापाशी मरून पडलेला. घनदाट अरण्यातला यांत एकही नाही. एक उपनगरातला, एक लष्करी कुंपणाजवळचा. जिथे बंदूक सहसा पोचत नाही अशा कोपऱ्यात ते आपलं वय खाऊन मोठे झाले, असा मी त्याचा अर्थ लावते. बार्नवाल्या आजोबांची भिंत आणि हा नकाशा मला एकच गोष्ट सांगतात.

माती बिनकामाची आहे असं कुणी समजू नये. नर हरीण दरवर्षी शिंगं टाकतं आणि दरवर्षी नवी उभी करतं. वसंतात मखमली कातडीखाली कोंब फुटतो, जून-जुलैत तो इतक्या झपाट्याने वाढतो की प्राण्यांच्या शरीरात याहून वेगाने वाढणारं हाड नाही, सप्टेंबरात मखमल सोलून निघते आणि जानेवारी-मार्चच्या दरम्यान सगळं गळून पडतं. एवढं हाड चार महिन्यांत घडवायला लागणारं कॅल्शियम आणि फॉस्फरस रोजच्या चाऱ्यातून पुरत नाही. हरीण ते स्वतःच्या फासळ्यांतून उसनं घेतं आणि मग सावकाश भरून काढतं. ज्याच्या रानात सकस चारा आहे त्याचं हे कर्ज लवकर फिटतं.

आयोवा, पश्चिम इलिनॉय, नैर्ऋत्य विस्कॉन्सिन या पट्ट्याचं भाग्य इथे आहे. हिमयुगाच्या शेवटी वाऱ्याने नद्यांच्या पात्रांतली बारीक माती उचलून या टेकड्यांवर थरांनी आणून टाकली. लोएस म्हणतात तिला. बोटांत चुरली तर पिठासारखी लागते. तिच्यावर मका आणि सोयाबीन. यवतमाळकडची असल्यामुळे सोयाबीनच्या शेतात सकाळी उमटलेल्या खुरांचं मला काही कौतुक नाही. रोही आणि रानडुकरांनी आमच्या घरच्यांची झोप उडवलेली मी पाहिली आहे. पण हरणाच्या बाजूने पाहिलं तर सोयाबीनच्या कोवळ्या पानाइतका प्रथिनांचा चारा उन्हाळ्यात दुसरा नाही. आणि या टेकड्या इतक्या उभ्या आहेत की उतारावर नांगर चालत नाही, म्हणून उतारांवर ओकची झाडी राहिली: खाली ताट, वर आडोसा. मिसिसिपी राज्यात हा फरक एकाच राज्याच्या आत दिसतो. नदीकाठच्या गाळाच्या डेल्टात नर अंगाने आणि शिंगाने भरतात. दक्षिणेच्या किनारी पट्ट्यात, पाइनच्या रेताड जमिनीत, त्याच वयाचे नर लहान राहतात. फ्लोरिडाच्या कीज बेटांवरचा व्हाइटटेल तर मोठ्या कुत्र्याएवढा असतो. तो तिथे मोठा होणारच नाही, कितीही जगू द्या.

मग लोक म्हणतात, हे रक्तातच आहे. खाण तशी माती. आयोवाचा नर आणून आपल्या रानात सोडा की झालं. याला साउथ डकोटातल्या एका प्रयोगाने फार सुंदर उत्तर दिलं आहे. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी राज्याच्या पश्चिमेकडच्या ब्लॅक हिल्समधली, म्हणजे कमी चाऱ्याच्या डोंगराळ भागातली पाडसं आणि पूर्वेकडच्या सुपीक शेतीपट्ट्यातली पाडसं एकत्र आणून एकाच दाणापाण्यावर वाढवली. पहिल्या पिढीत डोंगराकडचे नर लहानच राहिले. झालं, रक्तच ते, असं म्हणून प्रयोग तिथे थांबला असता. पण त्याच आवारात वाढलेल्या माद्यांना जी पिलं झाली, त्यांतले नर शेतीपट्ट्यातल्या नरांच्या जवळपास जाऊन पोचले. आईने पोटात असताना सोसलेली भूक लेकराच्या शिंगात उतरली होती. आई पोटभर जेवली तेव्हा पुढच्या पिढीत ती फिटली. खाण आणि माती या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या वेगळ्या नाहीत.

‘वाईट रक्ताचे’ नर वेचून मारले तर कळप सुधारतो, हाही असाच एक लाडका समज. दक्षिण टेक्सासमधल्या एका मोठ्या रँचवर संशोधकांनी तो अनेक वर्षं तपासला. हेलिकॉप्टरमधून जाळी टाकून नर पकडायचे, मापं घ्यायची, शिंग कमी पडलं की काढून टाकायचे. कळपाच्या शिंगांत अपेक्षित सुधारणा काही झाली नाही. होणार कशी? मोकळ्या रानात पितृत्व एका-दोन बलदंड नरांकडे नसतं. पाडसांतली बरीचशी तरुण नरांचीही असतात. जुळ्यांचे बापही कधी कधी वेगळे निघतात. शिवाय शिंगाच्या वारशातला अर्धा वाटा मादीचा, आणि तिच्या डोक्यावर शिंगच नाही. तिची निवड कशावरून करणार?

तेव्हा राहता राहिलं वय. दीड वर्षाचा नर म्हणजे मिसरूड फुटलेला मुलगा. साडेतीनाव्या वर्षी त्याचं शिंग पूर्ण ताकदीच्या तीन-चतुर्थांशापर्यंत येतं. खरा बहर पाचव्या ते सातव्या वर्षी. आणि नर मारला जातो तो बहुतेकदा नोव्हेंबरात, कारण तेव्हा तो माजावर असतो. एरवी सावलीसारखा वावरणारा प्राणी दिवसाढवळ्या मादीच्या वासामागे उघड्या शेतातून धावत सुटतो. त्या दोन-तीन आठवड्यांत लांब पल्ल्याच्या रायफली घेऊन लाखो माणसं रानात असतील तर तरुण नर वाचत नाही. नसतील तर वाचतो.

हे समजून घेतलं की आयोवाचं गुपित मातीत जितकं आहे तितकंच भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे, हे दिसतं. आयोवाने नोव्हेंबरातला माज धनुष्यबाणवाल्यांसाठी ठेवला आणि बंदुकीचा मुख्य हंगाम डिसेंबरात ढकलला. तोही दूरवर मारा करणाऱ्या नेहमीच्या रायफलींचा नाही. बाहेरच्या राज्यांतल्या शिकाऱ्यांना शिंगवाल्या नरासाठी दरसाल सहा हजार परवाने, तेही सोडतीने. चांगल्या भागासाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात. इलिनॉयमध्ये बंदुकीचा हंगाम दोन तुकड्यांत मिळून सात दिवसांचा, पल्लेदार रायफलींना बंदी. ओहायो आणि कॅन्ससमध्येही बंदुका थँक्सगिव्हिंग उलटल्यावर निघतात. यादीत वरचढ असलेल्या राज्यांचे नियम असे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की मातीचं कौतुक आपोआप थोडं उतरतं.

पेनसिल्व्हेनियाने तर हा प्रयोग उघड्या मैदानात केला. तिथे मारल्या जाणाऱ्या नरांत दीड वर्षांचेच बहुसंख्य असत. २००२ साली राज्याने नियम आणला: बहुतेक भागांत एका बाजूला किमान तीन फाटे असल्याशिवाय नर मारायचा नाही, पश्चिमेकडे चार. जुन्या शिकाऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं. सभांत आरडाओरडा झाला. माती बदलली नाही, रक्त बदललं नाही, बंदुकाही त्याच. पण पुढच्या काही वर्षांत पेनसिल्व्हेनियाच्या रानात तिथल्या माणसांनी बापजन्मात न पाहिलेले नर फिरायला लागले. एका ओळीच्या नियमाने हे झालं, आणि तो नियम गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखा होता.

आता विस्कॉन्सिन माझ्या मांडणीत बसत नाही, हे मान्य करायला हवं. आमचा हंगाम माजाच्या शेपटाला, रायफली सर्रास, आणि तरी नोंदींमध्ये हे राज्य अग्रभागी. बफेलो काउंटी तर देशातल्या सगळ्या काउंट्यांत पहिली. त्याचं उत्तर मिसिसिपी नदीकाठच्या उभ्या कड्यांत आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांमधल्या तोंडी करारांत आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी आपापसांत ठरवलं, पोरं सोडायची. कायदा नसतानाही सोडली. मला त्याचं अतिशय कौतुक आहे. पण या कराराला एक दुसरं तोंड आहे. मोठे नर आहेत म्हटल्यावर जमिनीचे भाव चढले, बाहेरच्या पैशाने शिकारीचे हक्क भाडेपट्ट्याने घेतले, आणि जिथे पूर्वी दार वाजवून ‘आज तुमच्या रानात बसू का?’ असं विचारता येत होतं तिथे ‘प्रवेश बंद’च्या पाट्या लागल्या. पाइक काउंटीतही हेच झालं. तिथल्याच गावात वाढलेल्या पोराला स्वतःच्या गावाच्या हरणापर्यंत पोचायला पैसे मोजावे लागत असतील तर त्या मुलखाला मोठ्या शिंगाचं मानपत्र देताना माझा हात अडखळतो.

टेक्सासमध्ये हीच वाट शेवटच्या टोकाला गेली आहे. पन्नास लाखांहून जास्त व्हाइटटेल, दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतकी नाहीत. आणि जवळजवळ सगळी जमीन खाजगी. मध्य टेक्सासच्या टेकड्यांत हरणं इतकी दाट की चारा वाटून प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येतो, म्हणून अंगाने बारकी. दक्षिणेच्या काटेरी झुडुपांच्या रानात हरणं विरळ, आणि पावसाचं वर्ष चांगलं गेलं तर शिंगं देखणी. तिथल्या रँचमालकांनी नराला जगू द्यायची कला देशात सगळ्यांत आधी आत्मसात केली, हे श्रेय त्यांचंच. हरणाच्या उत्पन्नामुळे कितीतरी रान बुलडोझरखाली जायचं वाचलं, हेही खरं. पण पुढे आठ-आठ फुटी कुंपणं आली. आत पोत्यांनी दाणा. मग परवान्याने हरणांची पैदास, वीर्याच्या नळ्यांची विक्री, ट्रकमधून नर या रँचवरून त्या रँचवर. शिंग इतकं अवजड की ते घेऊन जनावराने मान कशी उचलावी असा प्रश्न पडावा. बून अँड क्रॉकेट असे कुंपणातले नर नोंदवून घेत नाही, आणि मला तो नियम अगदी योग्य वाटतो. त्या शिंगाला विक्रम म्हणण्यापेक्षा पीक म्हणावं. पिकाबद्दल माझी तक्रार नाही. पण पीक ज्याचं त्याचं असतं आणि हरीण सगळ्यांचं असतं. एकदा ते कुंपणाआड गेलं की विश्वस्ताचं तत्त्व कागदावर राहतं.

इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं: नराला म्हातारं होऊ द्या, ते कायद्याने करा, कुंपणाने करू नका. पण माझ्या स्वतःच्या काउंटीने या मांडणीला नख लावलं आहे. १९६७ साली कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सच्या एका संशोधन केंद्रातल्या हरणांत एक झिजवणारा आजार पहिल्यांदा दिसला. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हे त्याचं नाव, इथे त्याला नुसतं सी.डब्ल्यू.डी. म्हणतात. जंतू नाही, विषाणू नाही, बिघडलेलं प्रथिन. हरीण महिनोन्महिने वरून धडधाकट दिसतं आणि लाळेतून, लेंडीतून, मूत्रातून ते प्रथिन पेरत हिंडतं. शेवटी लाळ गाळत, मान टाकून मरतं. औषध नाही. मातीत गेलेलं ते प्रथिन वर्षानुवर्षं टिकतं. २००२च्या फेब्रुवारीत ते विस्कॉन्सिनमध्ये सापडलं ते माउंट होरेबजवळ, माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर.

आणि हा आजार माद्यांपेक्षा नरांत जास्त असतो. वय वाढेल तसा वाढत जातो. माजाच्या दिवसांत नर मैलोन्‌मैल भटकतो, चार ठिकाणच्या फांद्या चाटतो, दहा जणांशी झुंजतो. जो नर मोठ्या शिंगासाठी आपण राखतो तोच आजार सगळ्यांत लांब नेतो. नैर्ऋत्य विस्कॉन्सिनच्या काही भागांत आता प्रौढ नरांतले तिनातला एक किंवा त्याहून जास्त बाधित निघतात.

तेव्हा मुलखांची तुलना इथे वेगळीच करावी लागते, आणि ती शिंगांच्या तुलनेपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. विस्कॉन्सिनच्या मागोमाग, त्याच वर्षी सीमेपलीकडे उत्तर इलिनॉयमध्ये हा आजार सापडला. इलिनॉयने सरकारी नेमबाज लावले, बाधित ठिकाणांच्या आसपासची हरणं हिवाळ्यात नेमून कमी केली आणि ते काम वर्षानुवर्षं चालू ठेवलं. लोकांना आवडलं नाही, तरी थांबले नाहीत. दहाएक वर्षं तिथलं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहिलं. आम्हीही सुरुवात जोरात केली होती. आधी एक मादी मारा, मग नराचा परवाना, असा नियम होता. कळप आवाक्यात ठेवायला याच्याइतकं परिणामकारक साधन आमच्याकडे दुसरं नव्हतं. शिकाऱ्यांना तो जाच वाटला. नेमबाजी काही वर्षांत बंद पडली, आणि २०११ साली विधिमंडळाने मादीचा नियमही मोडीत काढला. प्रमाण चढतच गेलं. हा निर्णय चुकला असं मला स्वच्छ वाटतं. ज्या तत्त्वाने हरीण जनतेचं ठरवलं त्याच तत्त्वाने जनतेला नको असलेली गोष्ट करायची जबाबदारीही विश्वस्तावर टाकली होती, आणि विश्वस्त मागे हटला.

टेक्सासलाही यातून सुटका मिळाली नाही. २०१५ साली तिथे बाधित व्हाइटटेल सापडलं ते मेडिना काउंटीतल्या पैदास केंद्रात, आणि अशा केंद्रांतून हरणं ट्रकने दूरदूर जात असतात. कुंपणाने माणसं अडली. आजार मात्र गाडीत बसून फिरला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. जिथे हा आजार नाही तिथे आयोवाचं कॅलेंडर आणि पेनसिल्व्हेनियाचा फाट्यांचा नियम घ्यावा. मोठा नर सगळ्यांच्या रानात फिरू द्यावा. जिवंत हरणांची वाहतूक सरसकट थांबवावी, पैदासवाल्यांनी कितीही ओरड केली तरी. आणि जिथे आजार शिरला आहे तिथे मोठ्या शिंगाचा हट्ट सोडावा. आधी मादीचा नियम परत आणावा, नर तरुणपणीच मारू द्यावेत, भिंतीची डावी बाजू पुन्हा भरली तरी चालेल. बफेलो काउंटीला हे सांगणं सोपं नाही. तिथे चाळीस वर्षं पोरं सोडायला शिकलेल्या माणसाला ‘आता सोडू नका’ म्हणायचं आहे. पण शेजारधर्माने जे करार झाले ते शेजारधर्मानेच बदलता येतील, आणि कायदा त्यांच्या पाठीशी उभा राहिला तर लवकर बदलतील.

गेल्या हंगामात बार्नवाल्या आजोबांनी सहा वर्षांचा एक नर मारला. त्याला त्यांनी तीन वर्षं हेरून सोडला होता. मी त्यांच्याबरोबर तपासणीच्या पेटीपर्यंत गेले. रस्त्याच्या कडेला कचराकुंडीसारखी ती पेटी असते, चोवीस तास उघडी. आधी शिंगं करवतीने उतरवायची, कारण ती पिशवीत मावत नाहीत. मग मानेचा पाचेक इंचांचा भाग ठेवून डोकं जाड पिशवीत घालायचं, फॉर्म भरायचा, चिठ्ठी बांधायची. थंडीने त्यांची बोटं वळत नव्हती, म्हणून चिठ्ठीची दोरी मी बांधली. परतताना शिंगं गाडीच्या मागच्या सीटवर होती. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दोन आठवड्यांनी निकाल आला: बाधित. या आजाराने माणूस आजारी पडल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण असं मांस खाऊ नये असं सरकारी आरोग्य खातं सांगतं. नातवंडांसाठी पाकिटं करून फ्रीझरमध्ये ठेवलेलं सगळं मांस त्यांनी बाहेर काढलं. शिंगं भिंतीवर चढवली नाहीत. ती अजून बार्नमधल्या टेबलावर पडून आहेत, शेजारी मापाची पट्टी, न उलगडलेली. यंदा त्यांनी माद्यांचे तीन परवाने घेतलेत आणि नातवाला सांगून ठेवलंय, दीड वर्षाचा पोरगा समोर आला तरी सोडू नकोस.